व्हिडिओ गेमवर आधारित चित्रपट आणि ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील प्रेक्षक : एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

व्हिडिओ गेमवर आधारित हॉलिवूड चित्रपटांचा इतिहास १९९३ पासून सुरू होतो. या चित्रपटांचे मूल्यमापन प्रामुख्याने अमेरिकी समीक्षा व तिकीटविक्री यांच्या आधारे झाले आहे. ज्या प्रदेशात मूळ खेळ उशिरा, नकली यंत्रांतून आणि भाड्याने पोहोचले, तेथील प्रेक्षकाने या रूपांतरांकडे कसे पाहिले, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात ठाणे, कल्याण व डोंबिवली या मध्य रेल्वेवरील शहरांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. येथे थेट रूपांतरापेक्षा दोन अन्य प्रवाह अधिक महत्त्वाचे ठरले : चित्रपटावरून खेळ तयार होण्याचा उलटा प्रवाह, आणि खेळांतून आलेल्या कथनरीतीचे स्थानिक भूमीत झालेले रोपण. दुसऱ्या प्रवाहाचे उदाहरण म्हणून 'झोंबिवली' (२०२२) या मराठी चित्रपटाचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : माध्यमांतर, व्हिडिओ गेम, प्रेक्षक, एकपडदा चित्रपटगृह, उपनगर, झोंबिवली.

१. प्रस्तावना

मराठी साहित्य व चित्रपट यांच्या अभ्यासात माध्यमांतर हा विषय नवा नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेला चित्रपट, अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये केलेला 'सिंहासन', 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकाचे २०१५ मधील चित्रपटरूप आणि वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चे २०१६ मधील रूप ही उदाहरणे अध्यापनात वारंवार येतात. या सर्वांत मूळ कृती वाचलेली वा पाहिलेली असते. प्रेक्षक मूळ कृतीचा साक्षीदार असतो आणि त्या नात्याने तो रूपांतराची तुलना करतो.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत हे नाते बदलते. खेळणारा माणूस कथेचा साक्षीदार नसतो, तो कर्ता असतो. नायक खड्ड्यात पडला तर तो आपल्या बोटाच्या चुकीमुळे पडतो आणि शेवटच्या टप्प्यावर पोहोचला तर आपल्या सरावामुळे पोहोचतो. अशा कृतीचा चित्रपट झाला की प्रेक्षकाच्या हातातून ती सत्ता काढून घेतली जाते व त्याला खुर्चीत बसवले जाते. रूपांतराविषयीची नाराजी बहुधा येथून जन्मते. 'गोष्ट बदलली' एवढीच ही तक्रार नसते. 'माझा खेळ दुसराच कोणी खेळतो आहे आणि मी नुसता पाहतो आहे', ही त्यामागील खरी भावना असते.

या मूलभूत फरकाचा विचार करताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. प्रत्येक प्रदेशात कोणता खेळ, कोणत्या यंत्रावर, कोणत्या काळात पोहोचला यावर तेथील प्रेक्षकाची स्मृती ठरते, आणि स्मृतीवर स्वीकार ठरतो. म्हणून रूपांतराचा इतिहास लिहायचा तर आधी खेळाच्या प्रसाराचा इतिहास लिहावा लागतो.

२. खेळ आणि कथा : परंपरेचा संदर्भ

खेळातून कथा व मूल्यविचार मांडण्याची कल्पना मराठी समाजाला परकी नाही. सोंगट्यांच्या पटावर मोक्षाचा मार्ग दाखवणारा 'मोक्षपट' परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. आज मुलांच्या हाती असलेली सापशिडी त्याच कुळातील. या पटावर शिडी म्हणजे सद्गुण व साप म्हणजे दुर्गुण असा अर्थ असे. खेळणाऱ्याची सोंगटी हा एक जीव असे आणि पट म्हणजे त्याचा जीवनप्रवास. इंग्रजी 'लाइफ' हा शब्द खेळाच्या संदर्भात आपल्या मुलांनी विनासायास स्वीकारला, याचे एक कारण ही जुनी ओळख असावी. 'माझ्या दोन लाइफ उरल्या' हे वाक्य १९९० च्या दशकात घराघरांत ऐकू येई. त्याच्या मागे खेळ म्हणजे पुनःपुन्हा मिळणारा जन्म ही कल्पना उभी होती.

चित्रपटाच्या नायकाला मात्र एकच जन्म असतो. त्याच्या मृत्यूला वजन असावे लागते. खेळातील पुनर्जन्म आणि चित्रपटातील एकमेव जन्म यांतील विसंगती ही या रूपांतरांपुढील पहिली कलात्मक अडचण होय. पुढे ज्या चित्रपटांना यश आले, त्यांपैकी बहुतेकांनी ही अडचण टाळली नाही, तर तिला काही ना काही उत्तर शोधले.

३. मध्य रेल्वेच्या शहरांत खेळाचे आगमन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली व पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या परिसराची वाढ रेल्वेच्या आधारे झाली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. मुंबईत नोकरी आणि येथे घर, अशी या वस्तीची घडण आहे. वडील सकाळच्या जलद गाडीने गेले की रात्रीच परततात आणि मुलांची दुपार मोकळी असते. खेळाच्या प्रसाराला ही रचना पोषक ठरली.

जपानमध्ये १९८३ साली निंटेंडोचे 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र आले आणि १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ. भारतीय मध्यमवर्गाच्या हाती हे यंत्र १९९० च्या दशकात आले, तेही मुख्यतः त्याच्या नकलांच्या रूपाने. दूरचित्रवाणी संचाला जोडायचे यंत्र व त्यात बसवायची 'कॅसेट' असा हा संसार होता. एका कॅसेटमध्ये शेकडो, हजारो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर असे. प्रत्यक्षात मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा येत. ज्यांना यंत्र विकत घेणे परवडत नसे ते उन्हाळ्याच्या सुट्टीत ते भाड्याने आणत. 'मारिओ' व 'काँट्रा' ही नावे याच मार्गाने मराठी मुलांच्या बोलण्यात आली.

दुसरा मार्ग पार्लरचा. स्थानकालगतच्या गल्ल्यांत, छोट्या गाळ्यांत उभी राहिलेली नाण्यावर चालणारी यंत्रे हे या पिढीचे पहिले सार्वजनिक करमणुकीचे स्थान होते. पालक व शिक्षक यांच्या दृष्टीने ती जागा वाईट समजली जाई. शाळेचा गणवेश घातलेला मुलगा तेथे सापडणे ही तक्रारीची बाब असे. याच पार्लरमध्ये कॅपकॉम कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) हा खेळ विलक्षण लोकप्रिय झाला. परंतु त्याला त्या नावाने कोणी ओळखत नसे. खेळातील चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा होते आणि केवळ याच परिसरात नव्हे, तर भारतभर या खेळालाच 'मुस्तफा' म्हटले जाऊ लागले. इंग्रजी शीर्षक बाजूला पडले व ओळखीचे वाटणारे नाव पुढे आले. प्रेक्षक वा खेळाडू परकी कृती कशी आपलीशी करतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल. हा खेळही मुळात 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकी चित्रकथेवर आधारलेला, म्हणजे स्वतःच एक माध्यमांतर होता. खेळणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नव्हती आणि गरजही नव्हती.

तिसरा मार्ग संगणकाचा. संगणक प्रशिक्षण वर्गांत व कचेऱ्यांतील यंत्रांवर जॉर्डन मेकनर यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) हा खेळ पोहोचला. ६० मिनिटांच्या आत तुरुंगातून सुटून राजकन्येपर्यंत पोहोचणे हा त्याचा नियम. पुढे सायबर कॅफे आले व एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर 'काउंटर-स्ट्राइक' खेळला जाऊ लागला. त्याच सुमारास खिशातील भ्रमणध्वनीवर 'स्नेक' आला आणि लोकलच्या डब्यातील तासाभराचा प्रवास हाही खेळाचा काळ झाला. २००० च्या दशकाच्या मध्यावर या परिसराला भारनियमनाचा मोठा ताप झाला. वीज गेली की खेळ जेथे होता तेथेच संपे. त्यामुळे खिशातील खेळाचे महत्त्व आणखी वाढले.

या तीन मार्गांतून जी खेळस्मृती तयार झाली ती अमेरिकी वा जपानी मुलाच्या खेळस्मृतीपेक्षा निराळी होती. येथील सर्वाधिक लाडक्या खेळांपैकी 'काँट्रा' आणि 'मुस्तफा' यांवर हॉलिवूडने मोठा चित्रपट कधीच काढला नाही. याउलट ज्यांवर चित्रपट निघाले त्यांपैकी अनेक खेळ येथे मोजक्याच घरांत पोहोचले होते.

४. पडद्यावरील खेळ आणि दूरचा प्रेक्षक

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा चित्रपट मे १९९३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे ४.८ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने तेथे जेमतेम २.१ कोटी डॉलर मिळवले. रंगीत, खेळकर जगाऐवजी त्यात एक अंधारी, कोंदट नगरी दाखवली होती. खेळ ज्यांना ठाऊक होता त्यांना तो ओळखू आला नाही व ज्यांना ठाऊक नव्हता त्यांना कळला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर'चीही समीक्षकांनी हेटाळणी केली. ऑगस्ट १९९५ मधील 'मॉर्टल कॉम्बॅट'ने मात्र जगभरात १२ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. त्यातील कथा साधी होती : एक बेट, एक स्पर्धा, एकामागून एक द्वंद्व. खेळाची रचना कथेत जशीच्या तशी उतरवता येईल असे कथानक त्याला लाभले होते.

२००१ हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. अँजेलिना जोली यांची भूमिका असलेल्या 'लारा क्रॉफ्ट : टूम रेडर'ने सुमारे २७ कोटी डॉलर मिळवले. त्याच वर्षी संपूर्ण संगणकनिर्मित 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन'वर १३.७ कोटी डॉलर खर्च होऊन उत्पन्न सुमारे ८.५ कोटींवर थांबले. लारा क्रॉफ्ट समजण्यासाठी खेळ खेळलेला असण्याची अट नव्हती. पुरातन वास्तू, खजिना व धाडस ही सामग्री सर्वत्र ओळखीची होती.

ठाणे-डोंबिवलीच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने यात आणखी दोन अंतरे मिसळलेली होती. पहिले अंतर जागेचे. इंग्रजी चित्रपटांचे मुख्य प्रदर्शन दीर्घकाळ दक्षिण मुंबईतील स्टर्लिंग, रीगल, इरॉस यांसारख्या चित्रपटगृहांत होई. ठाण्यातील मल्हार वा वंदना, डोंबिवलीतील टिळक वा मधुबन यांसारख्या एकपडदा चित्रपटगृहांचा आधार हिंदी व मराठी चित्रपट हाच होता. दुसरे अंतर भाषेचे. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत भाषांतरित होऊन आला व त्याला मिळालेल्या प्रतिसादामुळे इंग्रजी चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांचा मार्ग मोकळा झाला. पुढे उपग्रह वाहिन्यांवर अशा चित्रपटांचा राबता सुरू झाला. म्हणजे खेळावर आधारित चित्रपट येथील अनेकांनी प्रथम पाहिला तो चित्रपटगृहात नव्हे, तर घरच्या संचावर, केबलद्वारे, हिंदीत. ज्या संचावर खेळ खेळला त्याच संचावर त्या खेळाचा चित्रपट पाहणे, हे या प्रेक्षकवर्गाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मराठीत हे चित्रपट भाषांतरित होऊन येण्याचा प्रघात पडला नाही, हीदेखील नोंद घेण्याजोगी बाब आहे.

२०१० मधील 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चे उदाहरण येथे विशेष उपयुक्त ठरते. हा चित्रपट २००३ च्या नव्या खेळावर आधारित होता. काळ मागे नेणारा खंजीर हा त्याचा गाभा. खेळातील पुनर्जन्माला दिलेले हे चतुर कथात्म उत्तर होते. मरण आले तर काळच मागे फिरवायचा. परंतु आपल्याकडे ज्या पिढीला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे नाव ठाऊक होते, तिच्या मनात १९८९ चा खेळ होता : काळा पडदा, दगडी तुरुंग, अणकुचीदार सुळे आणि सरत जाणारी ६० मिनिटे. शीर्षक एक आणि स्मृती दोन, असा हा प्रकार झाला. अशा वेळी रूपांतर मूळ कृतीशी प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्नच अपुरा पडतो. कोणाच्या मूळ कृतीशी, असे आधी विचारावे लागते.

याचा व्यत्यास २०१६ च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये दिसतो. अमेरिकेत या चित्रपटाला सुमारे ४.७ कोटी डॉलरच मिळाले, परंतु जगभरातील सुमारे ४३.९ कोटींपैकी निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या चीनमधून आला. चीनमधील इंटरनेट कॅफेंत एका संपूर्ण पिढीने तो खेळ वर्षानुवर्षे खेळला होता. अमेरिकी समीक्षकाला जे दुर्बोध वाटले ते चिनी प्रेक्षकाला घरचे वाटले. आपल्या सायबर कॅफेंत त्या खेळाचे स्थान तसे नव्हते, म्हणून तो उत्साहही येथे दिसण्याचे कारण नव्हते. चित्रपट एकच, स्वीकार निरनिराळा. त्याचे कारण चित्रपटात नव्हे, तर खेळाच्या प्रसारात शोधावे लागते.

५. उलटा प्रवाह : चित्रपटावरून खेळ

भारतात खेळावरून चित्रपट निघण्यापूर्वी चित्रपटावरून खेळ निघू लागले. मुंबईत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियागेम्सने भ्रमणध्वनीवरील खेळांत चित्रपटांच्या नावांचा उपयोग केला. 'गजनी' (२००८) या हिंदी चित्रपटावर हैदराबादच्या एफएक्स लॅब्जने संगणकावरील खेळ काढला. २६ ऑक्टोबर २०११ रोजी, दिवाळीत प्रदर्शित झालेल्या 'रा-वन'च्या निमित्ताने प्लेस्टेशनसाठी खेळ तयार करण्यात आला.

'रा-वन'चे कथानकच या लेखाच्या विषयाशी निगडित आहे. खेळ तयार करणारा एक बाप, मुलाच्या आवडीखातर नायकापेक्षा बलवान असा खलनायक निर्माण करतो आणि तो खलनायक खेळाबाहेर पडून माणसांच्या जगात येतो. येथे मूळ खेळ अस्तित्वातच नव्हता. चित्रपटाने आधी खेळाची कल्पना केली आणि मग प्रत्यक्ष खेळ बाजारात आणला. याचा अर्थ असा की, भारतीय निर्मात्याने व्हिडिओ गेमकडे आधारकथा म्हणून पाहिले नाही, तर विषय म्हणून व जाहिरातीचे साधन म्हणून पाहिले. प्रेक्षक हा ताऱ्याचा चाहता आहे, खेळाचा नव्हे, हे गृहीत त्यामागे होते. बापाला न आवडणारा, परंतु मुलाचे जग असणारा खेळ हा पिता-पुत्रांच्या नात्याचा विषय होऊ शकतो, हे मात्र या चित्रपटाने ओळखले. पार्लरमधून कान धरून घरी आणलेली पिढी तोवर स्वतः पालक होऊ लागली होती.

याच काळात चित्रपट पाहण्याची जागाही बदलत होती. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात सवलत दिली. ठाण्यात मॉल उभे राहिले व त्यांत बहुपडदा चित्रपटगृहे आली. घोडबंदर मार्गाच्या तोंडाशी २०१३ मध्ये सुरू झालेल्या विवियाना मॉलमध्ये एकाच छताखाली १४ पडदे होते. अशा मॉलमध्ये चित्रपटगृहाच्या शेजारीच कार्ड घासून खेळायच्या यंत्रांचे दालन असते. जी यंत्रे स्थानकालगतच्या गाळ्यात असताना बदनाम होती, ती वातानुकूलित दालनात कुटुंबाच्या करमणुकीचा भाग झाली. खेळ तोच राहिला आणि त्याची सामाजिक प्रतिष्ठा जागेनुसार व दरानुसार बदलली. इंग्रजी चित्रपट आता मुंबईबरोबरच, त्याच शुक्रवारी, ठाण्यात लागू लागला. परंतु त्याचबरोबर पार्लरमध्ये नाणे टाकणारा मुलगा आणि मल्टिप्लेक्सचे तिकीट काढणारा मुलगा हे एकच असतील याची शाश्वती उरली नाही. 'मुस्तफा'ला नाव देणारा खेळाडू या नव्या प्रेक्षागृहात कितपत आला, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे.

६. स्थानिक रोपण : 'झोंबिवली'

या पार्श्वभूमीवर आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' या चित्रपटाचा विचार केला पाहिजे. अमेय वाघ, ललित प्रभाकर व वैदेही परशुरामी यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. तो कोणत्याही खेळाचे रूपांतर नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. तथापि ज्या कथनप्रकारात तो मोडतो, त्या प्रकाराचे अलीकडील पुनरुज्जीवन व्हिडिओ गेमशिवाय समजत नाही.

'जिवंत प्रेतां'चा आधुनिक चित्रपट जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ मधील 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून मानला जातो. १९९० च्या दशकात हा प्रकार मंदावला होता. १९९६ मध्ये कॅपकॉमने 'रेसिडेंट इव्हिल' हा खेळ आणला. मोजक्या गोळ्या, बंद दारे आणि एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुप्त प्रयोगातून पसरलेली लागण ही त्याची सूत्रे. २००२ मध्ये त्यावर चित्रपट आला व २०१६ पर्यंत त्या मालिकेतील सहा चित्रपटांनी मिळून १२० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. त्याच २००२ मधील '२८ डेज लेटर' या ब्रिटिश चित्रपटाचे लेखक ॲलेक्स गार्लंड यांनीही या खेळाचे ऋण मान्य केले आहे. भारतात हा प्रकार 'गो गोवा गॉन' (२०१३) या हिंदी चित्रपटातून आला आणि मराठीत 'झोंबिवली'तून. संकटाचे मूळ अलौकिक शापात नसून मानवी लोभात आहे, ही या शाखेची कल्पना खेळाने घट्ट केली होती.

'झोंबिवली'त ही कल्पना डोंबिवलीच्या मातीत रोवली गेली. एका बाजूला नवे उंच गृहसंकुल, दुसऱ्या बाजूला लगतची झोपडवस्ती आणि दोहोंच्या मध्ये पाण्याचा प्रश्न, अशी त्याची मांडणी आहे. ही मांडणी येथील प्रेक्षकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. डोंबिवली हे औद्योगिक वसाहतीला चिकटून वाढलेले शहर आहे. जानेवारी २०१४ मध्ये येथे हिरवट रंगाचा पाऊस पडल्याची घटना घडली. २६ मे २०१६ रोजी औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट होऊन जीवितहानी झाली. २०२० च्या आरंभी रसायनांमुळे एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तेथे भेट दिली. २०१५ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या २७ गावांचा पाणीप्रश्न हा तर स्थानिक राजकारणाचा कायमचा विषय. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर, २३ मे २०२४ रोजी, त्याच औद्योगिक क्षेत्रात पुन्हा मोठा स्फोट होऊन अनेक कामगारांचा बळी गेला.

हे तपशील लक्षात घेता, खेळातील काल्पनिक कंपनी व तिच्या प्रयोगातून पसरणारी बाधा हे सूत्र डोंबिवलीत केवळ आयात कल्पना राहत नाही. परदेशी खेळाडूला जो रोमांच वाटतो तो येथील रहिवाशाच्या रोजच्या भयाला स्पर्श करतो. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ने (२००५) या शहरातील नोकरदाराचा कोंडमारा एका माणसाच्या उद्रेकातून मांडला होता. 'झोंबिवली'ने तो समूहाच्या पातळीवर नेला. पहिल्या चित्रपटात माधव आपटे एकटा आहे. दुसऱ्यात संकुल आणि झोपडवस्ती यांना एकत्र आल्याशिवाय जगता येत नाही. खेळाच्या परिभाषेत बोलायचे तर एकट्याचा खेळ अनेकांचा झाला.

या चित्रपटाच्या स्वीकाराला काळाचाही संदर्भ आहे. तो २०२१ च्या एप्रिलमध्ये येणार होता. करोना साथीमुळे चित्रपटगृहे बंद झाली व ती २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या आसनक्षमतेने सुरू झाली. 'झोंबिवली' प्रदर्शित झाला तेव्हाही हा निर्बंध होता. लागण, अलगीकरण, बंद दारे आणि शेजाऱ्याविषयीचा संशय यांचा दोन वर्षे अनुभव घेतलेला प्रेक्षक एक आसन सोडून बसला होता आणि पडद्यावर त्याचेच शहर बाधित होत होते. तशात हा चित्रपट विनोदी होता. भयाला हसण्याची ही रीत मराठी प्रेक्षकाला महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'पासून (१९९३) परिचित आहे. तो चित्रपटही परदेशी भयकथेच्या प्रेरणेतून आलेला, पण मराठी विनोदाच्या अंगाने उभा राहिलेला. म्हणजे 'झोंबिवली'चा वंश दोन्हीकडचा आहे : एक घराणे खेळांचे, दुसरे मराठी भय-विनोदाचे.

७. अलीकडील वळण

२०२३ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' पुन्हा, या वेळी सचेतपटाच्या रूपात आला आणि त्याने जगभरात सुमारे १३६ कोटी डॉलर मिळवले. तीस वर्षांपूर्वी याच नावाचा चित्रपट कोसळला होता. 'द लास्ट ऑफ अस' (२०२३) या मालिकेने समीक्षकांचीही मान्यता मिळवली. २०२५ च्या 'अ माइनक्राफ्ट मूव्ही'ने सुमारे ९५ कोटी डॉलर कमावले. या बदलाचे एक स्पष्टीकरण तंत्राच्या प्रगतीत शोधता येते. परंतु अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे खेळत वाढलेली पिढी आता निर्माती, समीक्षक व पालक झाली आहे. २०१९ मध्ये 'सॉनिक'च्या पूर्वदृश्यांवर चाहत्यांनी एवढा आक्षेप घेतला की निर्मात्यांना पात्राचे रूप बदलावे लागले व चित्रपट २०२० मध्ये आला. खेळाडू-प्रेक्षक केवळ ग्राहक राहिलेला नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडेही ही पिढी चाळिशीच्या आसपास आहे. 'मारिओ' मुलांना दाखवायला नेणारा पालक स्वतःची सुट्टी आठवत असतो. मुलाला मात्र 'मारिओ'पेक्षा भ्रमणध्वनीवरचे खेळ जवळचे असतात. २०१८ पासून 'पबजी'ने हे चित्र आणखी पालटले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली तेव्हा व्हिडिओ गेम हा प्रथमच घराघरांतील राजकीय चर्चेचा विषय झाला. दोन पिढ्या एकाच पडद्यासमोर, दोन निरनिराळ्या स्मृती घेऊन बसतात, ही या चित्रपटांच्या स्वीकाराची आजची अवस्था आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) व्हिडिओ गेमवरील चित्रपटाचा स्वीकार हा मूळ खेळाच्या प्रसाराच्या इतिहासावर अवलंबून असतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हा प्रसार नकली यंत्रे, भाड्याची व्यवस्था, पार्लर आणि प्रशिक्षण वर्ग यांतून झाला. त्यामुळे येथील खेळस्मृती व हॉलिवूडची निवड यांचा मेळ क्वचितच बसला.

२) 'मूळ कृतीशी प्रामाणिकपणा' हा माध्यमांतराच्या अभ्यासातील रूढ निकष येथे अपुरा ठरतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारख्या उदाहरणात मूळ कृतीच एकाहून अधिक आहेत.

३) भारतात थेट रूपांतरापेक्षा उलटा प्रवाह आधी रुजला. त्यात खेळाडूपेक्षा ताऱ्याचा चाहता गृहीत धरला गेला.

४) खेळांतून आलेली कथनरीती स्थानिक वास्तवात रोवली गेली, तेव्हा ती सर्वाधिक अर्थपूर्ण ठरली. 'झोंबिवली'तील भय डोंबिवलीचे आहे, म्हणून ते उसने वाटत नाही.

शेवटी अध्यापकवर्गापुढे एक विचार मांडणे आवश्यक वाटते. व्हिडिओ गेमची चर्चा महाविद्यालयांत बहुधा व्यसन व अभ्यासातील हानी या दोनच अंगांनी होते. ती चिंता निराधार नाही. परंतु ज्या पार्लरमध्ये, कॅफेत आणि एकपडदा चित्रपटगृहात एका पिढीची कल्पनाशक्ती घडली, त्या जागा बंद होत आहेत. नाटकाची जाहिरात, पुस्तक व परीक्षण शिल्लक राहते. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांभोवतीचा इतिहास त्यामुळे लिहिता येतो. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे कागदपत्र कोणी जपत नाही. पार्लरचालक, चित्रपटगृहांचे द्वारपाल व यंत्रचालक, आणि तेव्हाचे ते खेळाडू अद्याप आपल्यात आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवण्याचे काम या परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास, मराठी व जनसंज्ञापन विभाग आपल्या विद्यार्थ्यांकरवी सहज करू शकतील. ते आताच झाले नाही, तर पुढील अभ्यासकाला परदेशी तिकीटविक्रीचे आकडे तेवढे मिळतील, आणि ज्या मुलांनी एका परक्या खेळाला 'मुस्तफा' हे नाव दिले त्यांचे म्हणणे मात्र मिळणार नाही.